मंडपातला आवाज वाढवण्याआधी ‘डिले’ लावा

अहिल्यानगर जिल्ह्यात हरिनाम सप्ताहाचा मंडप मोठा असला की मागे बसलेल्यांना कीर्तनातला शब्द दोनदा ऐकू येतो. कारण काय? मागच्या स्पीकरला सिग्नल वायरमधून तत्काळ पोहोचतो. स्टेजजवळच्या स्पीकरचा आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने येतो. ३४ मीटरवर फरक साधारण १०० मिलिसेकंदांचा.

डिजिटल मिक्सरमधला डिलेचा नॉब हाच फरक भरून काढतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारा मिक्सर त्यासाठी ४,८०० नमुने मेमरीत थांबवून ठेवतो. कीर्तन सुरू असताना नॉब फिरवला, तर वाचनाची जागा बदलून खरखर होते किंवा सूर हलतो. म्हणून अंतर मोजून डिले आधीच लावावा. नुसता व्हॉल्यूम वाढवल्याने गोंगाट वाढतो, शब्द कळत नाहीत.