नेम धरण्याआधी

आमच्या वर्धा जिल्ह्यात बसून शिकारीवर लिहिणे म्हणजे जरा आगाऊपणाच. एका बाजूला सेवाग्राम, दुसऱ्या बाजूला पवनार, आणि मास्तर निघाले बाणाचे वजन किती असावे ते सांगायला! पण वाचकहो, थोडे थांबा. मी कुणालाही धनुष्य विकत घ्यायला सांगत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती राहावी असेच माझे मत आहे. तरीही हरणावर बाण सोडणाऱ्या माणसांनी स्वतःला जे नियम घालून घेतले आहेत, ते आपल्या वावरातल्या एका प्रश्नाला थेट लागू पडतात असे मला वाटते. म्हणून हा प्रपंच.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. तिकडे हरणे उदंड, आणि सप्टेंबरपासून धनुष्यबाणाने शिकारीचा हंगाम सुरू होतो. रीतसर परवाना काढून तो जातो. फोनवर मी त्याला छेडले, "अरे, बंदूक असताना बाण कशाला?" तो म्हणाला, "सर, बंदुकीने दोनशे मीटरवरूनही मारता येते. बाणासाठी वीस मीटरवर जावे लागते. तिथून जनावराचा श्वास दिसतो." मग तासभर तो बोलत राहिला आणि मी चक्क वहीत टिपणे काढली.

बाणाचे वजन ग्रेनमध्ये मोजतात. सोनाराची एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. हरणासाठी साधारण ४०० ते ५०० ग्रेनचा बाण वापरतात, म्हणजे अडीच तोळ्यांच्या आसपास. हलका बाण वेगाने सुटतो आणि त्याची वाट सरळ राहते, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावते. जड बाण सावकाश जातो आणि लवकर खाली येतो, पण लागल्यावर अडत नाही. रिकामी सायकल हाताने थोपवता येते, भरलेली बैलगाडी येत नाही, तसेच हे. शिवाय धनुष्याची जास्त ताकद जड बाण आपल्याबरोबर नेतो, म्हणून मागे धनुष्य कमी थरथरते आणि आवाजही कमी होतो.

या आवाजाचे गणित मला फार आवडले. बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने गेला, तर २० मीटरला पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज तेच अंतर त्याच्या जेमतेम पाव वेळात कापतो. म्हणजे बाण पोचण्याआधी त्याची वर्दी पोचते. सावध हरीण पळण्यासाठी अंग खाली दबवते आणि बाण पाठीवरून जातो किंवा भलतीकडे रुततो. म्हणून नुसता वेग वाढवून भागत नाही, हरीण बेसावध आहे की नाही ते आधी पाहावे लागते.

आणि बाण लागावा कुठे? बाण गोळीसारखा धक्का देऊन मारत नाही. तो कापतो, आणि रक्त जाऊन जीव जातो. म्हणून पाते वस्तऱ्यासारखे धारदार हवे आणि ते दोन्ही फुप्फुसांतून गेले पाहिजे. हरीण आडवे उभे असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या मध्याच्या थोडे खाली. किंचित पाठमोरे तिरके असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने. तिथे बाण बसला तर हरीण शंभरेक मीटर पळून काही सेकंदांत कोसळते. थोडा पुढे गेला की खांद्याचे हाड लागते, मागे गेला की पोट. पोटात बाण लागलेले हरीण तासन् तास तडफडते.

म्हणून तोंड आपल्याकडे असेल तर बाण सोडायचा नाही. पूर्ण पाठमोरे असेल, चालत असेल, मध्ये फांदी असेल, उजेड कमी असेल, तरी नाही. सोडल्यावरही लगेच मागे धावायचे नाही. अर्धा तास थांबायचे, पोटात लागल्याची शंका असेल तर कितीतरी तास. नाहीतर जखमी जनावर पुन्हा उठते आणि दूर जाऊन मरते. मग रक्ताचा माग काढत शेवटपर्यंत जायचे. माझी वही मी पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की या विद्येचा निम्मा भाग बाण न सोडण्याचाच आहे!

एवढे करूनही हे योग्य की अयोग्य, यावर जगाचे एकमत नाही. डेन्मार्कमध्ये परीक्षा घेऊन परवानगी देतात, तर ब्रिटनमध्ये धनुष्यबाणाने वन्यप्राणी मारायला कायद्याने मनाई आहे. मला ब्रिटनचे बरोबर वाटते, कारण माणसाचा हात रोज सारखा चालत नाही. पण नियम पाळणाऱ्याला मी क्रूर म्हणणार नाही.

आपल्या पुराणकथांकडे या नजरेने पाहिले तर एक मौज दिसते. दशरथाने हत्ती पाणी पितो आहे असे समजून आवाजावर बाण सोडला आणि श्रावणाचा जीव घेतला. पंडूने हरणाची जोडी टिपली, तो मृगरूपातला किंदम ऋषी निघाला. जरा नावाच्या व्याधाला श्रीकृष्णाचे पाऊल हरीण वाटले. या तिघांपैकी एकाचाही नेम चुकला नव्हता. चुकले ते बघणे. समोर काय आहे हे नीट न पाहता सुटलेला अचूक बाण, एवढ्यावर आपल्या पूर्वजांनी केवढ्या शोककथा रचल्या!

आता आपल्या वावरात या. सेलू, कारंजा, आष्टी भागात जंगलाला लागून ज्यांची शेती आहे त्यांना विचारा. रोह्यांचा कळप एका रात्रीत हरभरा तुडवतो, रानडुकरे उभे पीक उकरून टाकतात. थंडीत जागल करकरून माणूस टेकीला येतो. मग कुणीतरी वीजवाहिनीवर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत सरळ प्रवाह सोडतो. सौर झटका यंत्राची गोष्ट वेगळी. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर घाबरून पळते आणि जिवंत राहते. आकड्याची तार मात्र मारतेच.

आणि ती कुणालाही मारते. जुलै २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक तरुण वाघीण आपल्या बोर व्याघ्र प्रकल्पात रेडिओ कॉलर लावून सोडली होती. पुढे तिच्याकडून माणसे मेली. तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले, पथके तिच्या मागावर फिरली. शेवटी ऑक्टोबरमध्ये कारंजा तालुक्यात सिंदीविहिरीजवळ एका शेताच्या तारेला चिकटून ती मेली. जिला मारावे की नाही यावर न्यायालयात खल झाला, तिचा निकाल त्या तारेने न पाहताच लावला. हीच तार पहाटे पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्यालाही मारते, आणि कधी लावणाऱ्यालाही. दशरथाने निदान कान तरी लावले होते. तारेला कानही नाहीत.

अहिंसेच्या भूमीत असे बोलू नये, असे कुणी म्हणेल. पण गांधीजींनी हा प्रश्न टाळला नव्हता. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात वेदनांनी तळमळणाऱ्या, बरे होण्याची आशा नसलेल्या वासराला त्यांनी इंजेक्शन देऊन मरण देवविले आणि त्याबद्दल लोकांचा रोष पत्करला. पिके खाणाऱ्या माकडांबद्दलही शेतकऱ्याची अडचण त्यांनी मान्य केली होती. हिंसा कधी टळत नाही हे ते जाणत होते. पण ती डोळे उघडे ठेवून, जबाबदारी घेऊन करावी लागते.

कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरांसाठी ती वापरली जाते. माझे म्हणणे एवढेच की परवानगी देताना 'किती' आणि 'कुठे' याबरोबर 'कशी' हेही विचारावे. ज्याच्या हाती बंदूक देता त्याचा नेम तपासा. अंधारात, पळत्या कळपात गोळी घालायची नाही असे लिहून घ्या. जखमी जनावर शोधून त्याचा शेवट करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाका.

मात्र हे सगळे शेवटचे पाऊल. त्याआधी झटका कुंपणाला पुरेसे अनुदान, नुकसानीची भरपाई हंगाम संपण्याआधी, आणि शेतीला दिवसा वीज हवी. रात्री वीज देऊन कास्तकाराला अंधारात वावरात पाठवायचे आणि मग त्याने तार का लावली म्हणून त्याच्यावरच गुन्हा नोंदवायचा, यात कसला न्याय? तारेचे समर्थन मी करणार नाही, पण ती लावणारा हात कुणी तिथवर आणला, हेही बघावे लागेल.

बाण अडीच तोळ्यांचा असावा की तीन, हा प्रश्न विस्कॉन्सिनच्या माणसाने सोडवावा. आपल्यापुढचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. एखादा जीव घ्यायचाच झाला तर घेणाऱ्याने निदान त्याच्याकडे पाहिले पाहिजे. ज्याला पाहवत नसेल त्याने तो घेऊ नये, आणि तारेकडून तर मुळीच घेववू नये.