ताप मोजा, दिवसहि मोजा

शहापूर-मुरबाडकडे मूल तापानें फणफणलें व अंगावर पुरळ उठलें कीं, "गोवर असेल, चार दिवसांत उतरेल," असें घरांतील वडील माणसें म्हणतात. पुष्कळदां तें खरेंहि ठरतें. परंतु जवळजवळ याच वेषांत येणारा एक निराळा विकार आहे. एकत्र कुटुंबांत मुलें आजी-काकूंच्या हातीं वाढतात, म्हणून त्याची ओळख घरांतील प्रत्येकास असणें अगत्याचें आहे.

टोकियो येथील रेडक्रॉसच्या रुग्णालयांत डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनीं १९६१ सालीं चार वर्षांच्या एका मुलांत तो प्रथम पाहिला, व १९६७ सालीं अशा ५० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. विकारास त्यांचेंच नांव पडलें. बहुतेक रोगी पांच वर्षांच्या आंतील असतात. पांच दिवसांनंतरहि न हटणारा ताप, लाल डोळे, पण त्यांतून पू नाहीं, फुटलेले ओठ, लालबुंद खरबरीत जीभ, पुरळ, सुजलेले हातपाय, मानेंत गांठ, हीं त्याचीं लक्षणें होत. सर्वच एकदम दिसतील असें मात्र नाहीं. हा विकार एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं.

आंत काय घडतें तें पाहूं. रक्तांतील न्यूट्रोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे देहाचे शिपाई. त्यांचें आयुष्य अल्प; काम संपलें कीं त्या आपण होऊन मरतात आणि इतर पेशी त्यांचा निकाल लावितात. वेळेवर मरणें हाहि त्यांच्या धर्माचाच भाग होय. या विकाराच्या तीव्र अवस्थेंत तें नियत मरण लांबतें. लढाई संपूनहि गांवांत तळ देऊन राहिलेलें सैन्य जसें गांवासच जाचतें, तशा या पेशी रोहिण्यांच्या भिंतींतील दाह वाढवितात. मूळ कारण शास्त्रज्ञांस अद्याप निश्चित झालेलें नाहीं.

खरा धोका पुढेंच आहे. ताप कालांतरानें आपोआप उतरतो, मूल खेळूं लागतें, घर निश्चिंत होतें. पण उपचार न झालेल्या चार-पांच मुलांपैकीं एकाच्या हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिणीस फुगवटा येतो. पुढें तेथें रक्त गोठून हृदयास झटका येऊं शकतो.

उपाय आहे, परंतु तो मुदतीचा आहे. हजारों दात्यांच्या रक्तांतून काढलेलें इम्युनोग्लोबुलिन, मुलाच्या वजनाच्या दर किलोस २ ग्रॅम, या प्रमाणांत शिरेंतून देतात. तापाच्या पहिल्या १० दिवसांत तें मिळाल्यास फुगवट्याचें प्रमाण सुमारें वीस-पंचविसांत एकावर येतें. या औषधानें त्या रेंगाळलेल्या पेशींचें मरण पुन्हां सुरू होतें, असें जपानी संशोधकांस आढळलें आहे. सोबत अ‍ॅस्पिरिन देतात. मात्र डॉक्टरांच्या आज्ञेवांचून तें मुलास घरीं कदापि देऊं नये.

मुरबाडहून कल्याण वा शहापूरहून ठाणें-मुंबई गांठण्यांत, हृदयाची एको तपासणी होण्यांत व औषधाचा खर्च उभा करण्यांत दिवस जातात. त्यांत आपण "आणखी दोन दिवस पाहूं" असें म्हणत बसलों, तर मुदत घरींच संपते. यासाठीं तापाच्या पहिल्या दिवशींच भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण करावी. पांचव्या दिवशीं ताप कायम असेल, किंवा वरील लक्षणें त्याआधींच दिसूं लागलीं, तर मुलास बालरोगतज्ज्ञांकडे न्यावें आणि "कावासाकी तर नसेल ना?" असें निःसंकोच विचारावें. गोवरच निघाला तर गेलें तें एक भाडें. दुसरें निघालें तर वांचलें तें मुलाचें हृदय.