रात्रीच्या सरावातले रसायनशास्त्र

रात्रीच्या सरावाला निघण्यापूर्वी उस्ताद बजावतात, "अर्धा तास अंधारात थांबा. पांढरा टॉर्च लावायचा नाही. नकाशा बघायचाच असेल तर लाल प्रकाशात." मागच्या सरावात बुटाची नाडी बांधायला मी टॉर्च लावला. पुढची वाट माझ्यासकट सगळ्या सेक्शनने चाचपडत काढली. मला फ्रंट रोल मिळाले, ते योग्यच होते. पण टॉर्च का लावायचा नाही, हे तेव्हाही कोणी सांगितले नाही.

उत्तर आमच्याच रसायनशास्त्राच्या पुस्तकात होते. दुहेरी बंधाभोवती रेणू सहज फिरू शकत नाही. म्हणून अणू तेच, जोडणी तीच, तरी दोन गट एका बाजूला असले की सिस आणि विरुद्ध बाजूंना असले की ट्रान्स. हेच भौमितिक समघटक. आम्ही मॅलेइक आणि फ्युमॅरिक आम्लांची जोडी पाठ करतो, गुण मिळवतो आणि विसरतो.

पण अशी एक जोडी आपल्या डोळ्यातही आहे. दृष्टिपटलातल्या, अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींत रेटिनाल नावाचा रेणू असतो. तो अकराव्या कार्बनजवळ वाकलेला, म्हणजे सिस असतो. प्रकाश पडताच तो सरळ, म्हणजे ट्रान्स होतो आणि मेंदूकडे संदेश जातो. डोळ्यातल्या या रसायनावरील संशोधनासाठी जॉर्ज वॉल्ड यांना 1967 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सरळ झालेला रेणू पुन्हा वाकवून जागेवर बसवायला शरीराला वेळ लागतो. झगझगीत टॉर्चने साठा एका क्षणात खर्च होतो आणि पुरता भरायला सुमारे अर्धा तास लागतो. लाल प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ दाद देत नाहीत, म्हणून तो चालतो. हे रेटिनाल अ जीवनसत्त्वापासून बनते. मेसमधले गाजर आणि पालक ताटात टाकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

माझे म्हणणे एवढेच, की हा धडा रात्रीच्या सरावाच्या आदल्या दिवशी शिकवावा. अभ्यासक्रम संपवायचा असतो हे मान्य. पण याला दहा मिनिटे पुरतात. परीक्षेतही "व्याख्या लिहा" ऐवजी "टॉर्च का लावू नये?" असे विचारावे.

हुकूम पाळायचाच असतो. पण त्यामागचे कारण कळलेला कॅडेट उस्तादांची पाठ फिरल्यावरही टॉर्च लावत नाही.