डोंगराचा नकाशा टेबलावर ठेवा



२२ जून २००३ रोजी रात्री कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, गाडी घसरली आणि पन्नासाहून अधिक माणसे ठार झाली. त्यानंतर पावसाळी गस्त व वेगमर्यादा कडक झाल्या. पण रुळांच्या वरच्या डोंगराचे काय?

त्याची पाहणी झालेली आहे. केंद्राने २०१० मध्ये नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात उतार, जंगल व जीवजाती तपासून पश्चिम घाटाचे तीन संवेदनशील विभाग पाडले आणि अंतिम सीमा ग्रामसभांना विचारून ठरवा, असे सांगितले. कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के घाट संवेदनशील ठरविला. मग मसुद्यांवर मसुदे निघाले. सहावा निघाला ३१ जुलै २०२४ रोजी. आदल्याच दिवशी वायनाडमध्ये दरडींनी शेकडो बळी घेतले होते.

रोजगार बुडेल, अशी भीती घातली जाते. चालू रेल्वे बंद करा, असे समिती म्हणत नाही; नवी खाण, नवा मार्ग कोठे नको, हे सांगते. डोंगर सुटला की पहिला धोका गस्तीवरच्या ट्रॅकमनला आणि टपाल घेऊन वाड्यांवर जाणाऱ्या ग्रामीण डाक सेवकाला.

म्हणून रेल्वेच्या शाखांनी पी.एन.एम. बैठकीत मागणी करावी: घाटात नवे काम वा वसाहत ठरविण्यापूर्वी पाहणीचा नकाशा समोर ठेवा आणि गस्तवाल्यांना माहीत असलेल्या दरडीच्या जागा त्यात नोंदवा. टपाल कामगारांनी आपापल्या ग्रामसभेत हाच आग्रह धरावा. मसुद्याची वाट डोंगर पाहत नाही.