ब्रह्मपुरी वगळलेले कोल्हापूर

१/ ‘एका दिवसात कोल्हापूर’ हा रील्सचा सध्याचा लाडका विषय. पहाटे अंबाबाईचे दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा, मग न्यू पॅलेस आणि रंकाळा. वेळ उरलाच तर पन्हाळा. यांतले एकही ठिकाण वगळण्याजोगे नाही. आक्षेप आहे तो या यादीतून रुजणाऱ्या समजावर : कोल्हापूरचा इतिहास मंदिरापासून सुरू होतो आणि मधली शतके ओलांडून थेट छत्रपतींच्या गादीपाशी येतो.

२/ पंचगंगेकाठी, शिवाजी पुलाजवळ ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. मातीखालून सातवाहनकालीन नगर वर आले. भाजक्या विटांची घरे, नाणी, मणी. त्याच सुमारास या टेकडीवर ब्राँझच्या वस्तूंचा एक साठाही मिळाला. त्यात रोमन जगातून आलेली भांडी होती आणि पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, लहानशी मूर्ती होती.

३/ समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. तरीही समुद्राचा देव घाट चढून पंचगंगेकाठी पोचला, तोही आजचे मंदिर उभे राहण्याच्या कित्येक शतके आधी. ‘दक्षिण काशी’ हे बिरुद खरेच आहे. पण त्या आधीच्या व्यापारी नगराला त्यात जागा नाही.

४/ (येथे उत्साही मंडळींनाही आवरावे लागेल. या वस्तूंवरून कोल्हापुरात रोमन वसाहत होती, असे सिद्ध होत नाही. वस्तू माणसांपेक्षा दूरचा प्रवास करतात.)

५/ ‘टेकडीवर बघण्यासारखे आहे तरी काय? तिथे घरेच आहेत,’ असा युक्तिवाद हमखास होतो. तो अर्धाच खरा आहे. टेकडीवर आज वस्ती आहे, हे मान्य. परंतु तिच्या पोटातून निघालेल्या वस्तू सीपीआर रुग्णालयासमोरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत, आणि हे संग्रहालय मुळात त्यांच्यासाठीच १९४५-४६ मध्ये स्थापन झाले. ती इमारत चार्ल्स मँटची. ज्या न्यू पॅलेससमोर सारे छायाचित्रे काढतात, त्याचाही वास्तुकार तोच.

६/ म्हणजे अडचण अंतराची नाही, पायपिटीचीही नाही. दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्या प्रवाशाला मंदिरापासून चालत टाउन हॉलपर्यंत जाणे जड नसते. त्याला तिथे जायला कोणी सांगितलेलेच नसते.