व्हेंट पाइप बुजवणे हा कुणाचा खासगी मामला नाही

१९५६ साली भोपाळला हेवी इलेक्ट्रिकल्स आली आणि पिपलानीची वसाहत वसली. जुनी क्वार्टर्स असोत की इंद्रपुरी-सोनागिरीतली मागाहून झालेली घरे, न्हाणीघरातल्या दुर्गंधीशी आपण सगळ्यांनीच जुळवून घेतले आहे. का म्हणून?

१. वर कुणी फ्लश ओढला की खाली मोरीच्या जाळीतून गुडगुड ऐकू येते, सिंकचे पाणी रेंगाळते, मग वास सुटतो. आपण फिनाइल ओततो, ॲसिड ओततो. एकच मोरी तुंबली असेल तर कचरा काढा. पण दोन-तीन ठिकाणी एकदम त्रास असेल तर आधी बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडा. चेंबर भरलेला नसेल, तर सांडपाण्याच्या नळांना गच्चीवरून हवा देणाऱ्या व्हेंट पाइपवरच संशय घ्यायला हवा. ॲसिडने हवेची वाट मोकळी होत नाही.

२. मोरीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये जेमतेम ५० मिलिमीटर पाणी उभे असते. गटार आणि घर यांच्यामध्ये तेवढाच काय तो पडदा. पाण्याचा लोट खाली जाताना मागून हवा ओढतो. ती व्हेंटमधून मिळाली नाही की ट्रॅपमधले पाणीच खेचले जाते आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू थेट घरात शिरतात. हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्समध्ये २००३ साली तीनशेहून अधिक रहिवाशांना सार्सची लागण झाली, तेव्हा कोरड्या पडलेल्या ट्रॅपकडेच चौकशीत बोट दाखवले गेले. हा नुसता नाक मुरडण्याचा विषय उरत नाही.

३. हे बिघडवतो कोण? बहुतेक वेळा आपणच. गच्चीवर पत्र्याची शेड टाकताना मध्ये येणारा पाइप कापतो, वर टोपण ठोकतो. वापरातल्या गच्चीवर हा पाइप दोन मीटर उंच हवा, असे बांधकाम संहिता सांगते. सोय वरच्याची आणि दुर्गंधी खालच्याची, हा कुठला शेजारधर्म?

४. उपाय महागडे नाहीत. न वापरलेल्या मोरीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. पाइपाच्या तोंडावरची जाळी-टोपी तपासा, पाला नि घरटी काढा, कापलेला पाइप पुन्हा उंच करून घ्या. पण चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. गटारांची अशी जीवघेणी सफाई २०१३ च्या कायद्याने बंद केली आहे. आपल्या दुर्लक्षाची किंमत दुसऱ्याच्या जिवाने का चुकवायची?

५. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी लेखी तक्रार द्यावी आणि तिचा पाठपुरावा करावा; सोसायट्यांनी शेडला परवानगी देण्याआधी पाइप कुठून जातो ते पाहावे. पावसाळ्याआधी गळती पाहायला आपण गच्चीवर चढतोच. यंदा व्हेंटची तोंडेही तपासा, आणि जिथे टोपण ठोकलेले दिसेल तिथे ते त्याच दिवशी काढायला लावा.