सृष्टिवाचन : देवघरांतील शंख आणि गिरणेंतला शिंपला

गेल्या वैशाखांत आमच्या जळगांवच्या घरीं धुळ्याची मंडळी सुटीसाठीं आली होती. एके दिवशीं संध्याकाळीं मुलें गिरणेच्या पात्रांत हिंडून परतलीं, तीं तळहाताएवढा एक काळसर हिरवा शिंपला घेऊन. वाळूच्या खळग्यांत उरलेल्या पाण्यांत तो सांपडला होता, आणि मौज अशी कीं तो जिवंत होता. माजघरांत एकच गलका उडाला. आमच्या मातोश्रींनीं "देवघराकडे नेऊं नका रे तो" अशी ताकीद देतांच आमचा आठ वर्षांचा पुतण्या म्हणाला, "आजी, मग देवांतला शंख कसा चालतो? तोही प्राण्याचेंच घर ना?" मातोश्री क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "शंख रिकामा असतो, बाबा. ह्याचा धनी अजून आंत आहे."

उत्तर मोठें मार्मिक होतें. परंतु मुलाचा प्रश्न आमच्या मनांतून जाईना. आपल्या सोवळ्याच्या घरांत ह्या मृदुकाय प्राण्यांचीं घरें किती आहेत हें आम्हीं मोजूं लागलों, तों यादी वाढतच गेली. देवांतला शंख, सारीपाटाच्या कवड्या, नथेंतले मोती, वैद्यबुवांच्या पुडींतलें शंखभस्म, कान फुटला म्हणजे शोधावयाचा समुद्रफेन, जो वस्तुतः फेन नसून माकूळ नांवाच्या प्राण्याच्या पाठींतील चुनखडी पाटी असते. आणि सर्वांत नवल शाळिग्रामाचें. गंडकींतील शाळिग्रामांत जें चक्र दिसतें, तें सुमारें पंधरा कोटि वर्षांपूर्वीं समुद्रांत पोहणाऱ्या, माकुळाच्या दूरच्या भाऊबंदाच्या कवचाचें. हिमालय उठण्यापूर्वीं तेथें समुद्र होता, त्याची ती खूण होय. तें कुळ सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं नामशेष झालें, आणि साधारण त्याच काळांत आपल्या खानदेशचा काळा पाषाण तापलेल्या रसाच्या रूपानें भूमीवर पसरत होता. त्या लोटांमध्यें मधून मधून शांततेचा काळ येई, तळीं सांचत, आणि त्यांत गोगलगायी नांदत. नागपुराजवळ टाकळी येथें रेव्हरंड हिस्लॉप यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे पाषाणरूप शंख गोळा केले होते.

आतां शिंपल्याकडे वळूं. पुतण्यानें तो पाळण्याचा हट्ट धरला. आम्हीं मोठ्या जाणतेपणानें सांगितलें, "तांब्याच्या घंगाळांत ठेवा, तांब्यांतलें पाणी शुद्ध असतें." तळाशीं वाळू घातली, पाणी ओतलें, आणि रात्रीं कंदील घेऊन सारी मुलें भोंवतीं बसलीं. शिंपला किंचित् उघडला, फटींतून पांढुरकें पाऊल बाहेर आलें आणि वाळूंत रुतूं लागलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों दोन्ही पाकळ्या सताड उघड्या! मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "काका, आपणच मारलें का त्याला?"

होय, आम्हींच मारलें. जें तांबें माणसाच्या पाण्यांतील जंतूंचा नाश करतें, तेंच शिंपल्यागोगलगायींस विष आहे. मोरचूद टाकून गोगलगायी मारण्याची रीत आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होती, पण घंगाळ पुढें ओढतांना ती आठवली नाहीं. आणखी विलक्षण गोष्ट अशी कीं, ह्याच प्राणिवर्गांतील माकूळ, अष्टपाद व बऱ्याच गोगलगायी ह्यांच्या रक्तांत लोहाच्या ठिकाणीं तांबेंच असतें. म्हणून त्यांचें रक्त हवा लागतांच निळसर दिसतें. पदार्थ तोच, रक्तांत बांधलेला तारतो आणि पाण्यांत सुटलेला मारतो.

मेलेला शिंपला आपोआप कां उघडतो, हा मुलाचा पुढला प्रश्न. दोन पाकळ्यांच्या पाठीशीं एक चिवट, लवचीक बिजागरी असते. ती त्यांस सदैव उघडूं पाहते. आंतून दोन जाड स्नायू त्यांस ओढून धरतात. म्हणजे कवाड मिटून ठेवण्यासाठीं ह्या प्राण्यास जन्मभर बळ लावावें लागतें, आणि प्राण जातांच दार उघडतें. आम्हीं मुलास जवळ बसवून आंतलें सारें दाखविलें. शिंपल्यास डोकें नाहीं. डोळे, जीभ, दांत कांहींच नाहीं. कवचाला लागून एक पातळ पदर असतो, त्यास प्रावार म्हणतात. कवच तोच घडवितो. बाहेरचा काळा पापुद्रा शिंगासारख्या द्रव्याचा, मधला थर चुन्याच्या उभ्या कांड्यांचा, आणि आंतला चकाकता थर तोच मोत्याचा थर. एखादा उपरा कण प्रावारांत अडकला कीं त्यावर ह्याच थराचीं पुटें चढतात आणि मोती होतो. प्रावाराखालीं चाळणीसारखे कल्ले. त्यांतून पाणी गाळून शिंपला श्वास घेतो आणि अन्नही टिपतो. दिवसाकाठीं कित्येक लिटर पाणी असा एक एक प्राणी गाळून स्वच्छ करतो. हृदय शोधतांना मात्र आमचीही गंमत झाली, कारण त्याच्या मधूनच आंतड्याची नळी गेलेली असते!

गोगलगायीची रचना ह्याहून वेगळी. तिला डोकें आहे, शिंगांवर डोळे आहेत, आणि तोंडांत किसणीसारखी दातेरी जीभ आहे. मोठ्या आफ्रिकी गोगलगायीच्या ह्याच किसणीनें २०२२ च्या पावसाळ्यांत लातूर, बीडकडील सोयाबीनचीं कोंवळीं रोपें फस्त केलीं. ही पाहुणी १८४७ मध्यें बेन्सन नांवाच्या हौशी शंखसंग्राहकानें मॉरिशसहून आणून कलकत्त्यास सोडली होती.

शंखाविषयीं एक गोष्ट गृहिणींच्या उपयोगाची म्हणून सांगतों. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचें शिखर वर धरतात, आपण त्याची निमुळती पन्हळ वर धरतों. म्हणून आपल्या नेहमींच्या वामावर्त शंखास ते 'उजवा' म्हणतात आणि दक्षिणावर्तास 'डावा'. देवांतला शंख ज्या जातीचा, त्या जातींत दक्षिणावर्त अत्यंत दुर्मिळ. तथापि बाजारांत त्या नांवानें जे शंख हवे तितके मिळतात, त्यांतील पुष्कळसे अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका निराळ्याच जातीचे असतात. त्या जातीचा वळसा स्वभावतःच तसा असतो. खऱ्या शंखाच्या मुखांत डोकावल्यास मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या दिसतात. त्या न दिसल्यास पैसे मोजूं नयेत.

मुलास दुसरा शिंपला हवा होता. आम्ही त्याला घेऊन तीन संध्याकाळीं गिरणेवर गेलों. खालीं ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या आणि वाळू उपसलेले खड्डे. एकही जिवंत शिंपला मिळाला नाहीं. ह्याचें कारण त्याच्या जन्मकथेंत आहे. मादी पिलांस आपल्या कल्ल्यांत वाढविते आणि मग पाण्यांत सोडते. तीं सूक्ष्म पिलें माशांच्या कल्ल्यांस वा परांस चिकटून कांहीं आठवडे राहतात, आणि नंतर गळून वाळूंत घर करतात. मासा नाहीं तर शिंपला नाहीं; वाळू नाहीं तरी शिंपला नाहीं. १९६९ पासून गिरणेचें पाणी नांदगांव तालुक्यांतील धरणांत अडतें, माशांची वाट तुटते, आणि जी वाळू खालीं उरते तीही गाड्यांनीं उचलली जाते. शेतीस पाणी हवें, घरास वाळू हवी, हें आम्हीही नाकारीत नाहीं. ज्या घरांत बसून हें लिहितों तें वाळूविना उभें राहिलें नसतें. पण खोलवर उपसलेल्या पात्रांत हा पाणी गाळणारा सेवक जगणार नाहीं, हेंही तितकेंच खरें.

घरीं आलों तों मातोश्री त्या मेलेल्या शिंपल्याची एक पाकळी स्वच्छ धुऊन परसांतील दगडावर घांसत बसल्या होत्या. मधोमध भोंक पडलें, कड तासून धारेची झाली, आणि त्यांनीं टोपलींतली कैरी घेऊन भराभर सोलून दाखविली. भडगांवीं माहेरीं असतांना ह्या दिवसांत त्या मुली ओटीभर शिंपले नदींतून आणीत, असें त्या सांगूं लागल्या. पुतण्यानें विचारलें, "ओटीभर म्हणजे किती गं, आजी?" मातोश्रींनीं पदर पसरला, त्याकडे पाहिलें, आणि म्हणाल्या, "मोजले कोणीं होते?"